प्रकाशवर्ष म्हणजे नक्की किती लांब?

माझी भाची तिसरीत आहे. परवा रात्री गच्चीत आकाश बघत असताना तिने विचारलं, मामा, एका प्रकाशवर्षात किती दिवस असतात? मी म्हटलं दिवस नसतात गं, ते अंतर आहे, तर म्हणाली मग त्याला वर्ष का म्हणतात. प्रश्न अगदी बरोबर आहे. मोठी माणसंसुद्धा "लाखो प्रकाशवर्षांपूर्वी" असं बिनधास्त लिहितात, पेपरात पण वाचलंय मी. ते म्हणजे "मी तीन किलोमीटरपूर्वी झोपलो होतो" असं म्हणण्यासारखं झालं. प्रकाशवर्ष हे अंतर मोजायचं माप आहे, किलोमीटरचाच खूप खूप मोठा भाऊ. पण नावात वर्ष आहे ते उगाच नाही, त्या वर्षामुळेच मला हे माप इतकं आवडतं, आणि तेच जरा निवांत सांगायचंय.

आधी हे बघा की वेळेत अंतर सांगायची सवय आपल्याला आहेच. कुणी विचारलं स्टेशन किती लांब आहे, तर आपण कुठे मीटरमध्ये सांगतो, "दहा मिनिटांवर आहे" म्हणतो. समोरच्याला बरोबर कळतं की चालत दहा मिनिटं. कोण चालतंय, किती वेगाने चालतंय हे बोलायची गरज पडत नाही. प्रकाशवर्षात एवढंच केलंय की चालणारा कोण ते नावातच सांगून टाकलंय. प्रकाश चालतोय, आणि तो वर्षभर न थांबता चालला तर जिथे पोचेल तिथपर्यंतचं अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष. हा शब्द पहिल्यांदा छापून आला तो १८५१ साली, जर्मन भाषेत, ओटो उले नावाच्या लेखकाने सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या खगोलशास्त्राच्या लेखात. आणि गंमत बघा, त्यालाही हाच खुलासा करावा लागला होता. तेव्हा जर्मनीत "एका तासाची वाट" असं अंतर सांगायची पद्धत होती, त्याने तीच तुलना दिली. म्हणजे भाचीचा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

आता चालणारा म्हणून प्रकाशच का? तर माणूस दमतो, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, विमानाला समोरून वारा लागतो, वेग कमीजास्त होतो. पोकळीतल्या प्रकाशाचा वेग मात्र कधी बदलत नाही, दिवा स्थिर असो की पळत असो, मोजणारा उभा असो की धावत असो, आकडा तोच येतो, सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. काचेत किंवा पाण्यात प्रकाश जरा हळू जातो, म्हणून व्याख्येत पोकळीतला वेग धरलाय. हा वेग इतका भरवशाचा आहे की १९८३ पासून खुद्द मीटरची व्याख्या त्याच्यावरच केलीय. प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा एक मीटर. म्हणजे ज्यांना प्रकाशवर्ष विचित्र वाटतं त्यांच्या घरातली मोजपट्टीसुद्धा आतून प्रकाश आणि वेळ यांच्यावरच बांधलेली आहे.

मग हे अंतर किती? कॅल्क्युलेटर नको, कागदावर होतं. वेग सोयीसाठी सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरा. मिनिटाला झाले १ कोटी ८० लाख. तासाला १०८ कोटी. दिवसाला २,५९२ कोटी. आणि वर्षाचे ३६५.२५ दिवस धरून गुणलं की येतात साधारण ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर. खगोलशास्त्रज्ञ वर्ष बरोब्बर ३६५.२५ दिवसांचंच धरतात, लीप वर्षाचा पाव दिवस सगळ्यांमध्ये वाटून टाकलेला, आणि वेगाचा तंतोतंत आकडा घेतला की उत्तर येतं ९,४६,०७३ कोटी किलोमीटरच्या जरा वर. लक्षात ठेवायला साडेनऊ लाख कोटी पुरे.

पण खरं सांगू का, हा आकडा वाचून कुणालाच काही होत नाही. लाख कोटी म्हटलं की मेंदू "खूप" एवढंच ऐकतो आणि पुढे जातो. ताशी १०० किलोमीटरने गाडी न थांबता चालवली तर एक प्रकाशवर्ष पार करायला १ कोटीहून जास्त वर्षं लागतील, प्रवासी विमानाला साधारण १२ लाख वर्षं. हेही ऐकायला बरं वाटतं पण हाताला काही लागत नाही, म्हणून आपण उलट्या बाजूने, छोट्यापासून सुरू करू.

शाळेतली ३० सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या. प्रकाश ती एका नॅनोसेकंदात पार करतो, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात. तुम्ही हे मोबाईलवर वाचत असाल आणि मोबाईल डोळ्यांपासून फूटभर लांब असेल तर ही अक्षरं तुम्हाला एक नॅनोसेकंद जुनी दिसतायत, "आत्ताची" नाही. फरक इतका बारीक की जाणवायचा प्रश्नच येत नाही, पण आहे. त्याच मोबाईलमधलं जीपीएस याच हिशोबावर चालतं. उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर वर, त्यांचा सिग्नल प्रकाशाच्याच वेगाने येतो, यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढलं जातं, आणि घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरने चुकते. वेळ मोजून अंतर काढायचं, रोजच्या वापरातलं, खिशातलं.

आता हळूहळू लांब जाऊ. एका सेकंदात प्रकाश पृथ्वीच्या घेराइतकं अंतर साडेसात वेळा जातो. चंद्र सव्वा सेकंदाच्या जरा पुढे, म्हणून अपोलोच्या अंतराळवीरांशी बोलताना प्रश्न गेला की उत्तर यायला किमान अडीच सेकंद जायचे. सूर्य ८ मिनिटं २० सेकंदांवर. मंगळ कधी ३ मिनिटांवर असतो कधी २२, दोघं आपापल्या कक्षेत कुठे आहेत त्यावर, आणि यामुळेच मंगळावरची रोव्हर गाडी इथे बसून खेळण्यातल्या कारसारखी चालवता येत नाही, खड्डा दिसेपर्यंत ती त्यात जाऊन पडलेली असेल, तिला बरंचसं स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं. नेपच्यून साधारण ४ तासांवर. आणि माणसाने बनवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू, व्हॉयेजर १, सप्टेंबर १९७७ मध्ये सुटलेली, सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने जवळपास पन्नास वर्षं पळतेय आणि अजून जेमतेम एका प्रकाशदिवसाच्या आसपास आहे. एक दिवस! वर्ष नाही. याच वेगाने तिला एक प्रकाशवर्ष कापायला साडेसतरा हजार वर्षं लागतील. मला स्वतःला प्रकाशवर्ष खऱ्या अर्थाने या ठिकाणी समजलं, कोटीच्या आकड्यांनी नाही.

अजून एक करून बघण्यासारखं. सूर्य म्हणजे शर्टाचं बटण समजा, सेंटिमीटरभर. मग पृथ्वी त्याच्यापासून साधारण एक मीटरवर, आकार केसाच्या जाडीएवढा, डोळ्याला धड दिसणार पण नाही. नेपच्यून ३० मीटरवर. व्हॉयेजर पावणेदोनशे मीटरच्या आसपास. आणि एक प्रकाशवर्ष? या मापाने ६३ किलोमीटर. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा, नरतुरंग तारकासमूहातला प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे दुसरं बटण (ते पण छोटं, दीड मिलिमीटरचं) थेट २६८ किलोमीटरवर पडलेलं. मधे थोडी धूळ, वायू, बर्फाचे गोळे, बाकी काही नाही. आकाशात तारे एकमेकांना चिकटून असल्यासारखे दिसतात ना, ते असे आहेत.

मग प्रश्न येतो की तिथे कुणी टेप घेऊन गेलं नाही, तर मोजलं कसं. आणि यावर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून हे नीट सांगतो. हात लांब करून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटून बघा, मग दुसरा मिटून. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. अंगठा नाकाजवळ आणला की जास्त सरकतो, लांब नेला की कमी. दोन डोळ्यांमधलं अंतर माहीत असेल आणि किती सरकला तो कोन मोजता आला तर अंगठा किती लांब आहे ते गणिताने निघतं. याला पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठीत पराशय. ताऱ्यांसाठी दोन डोळे पुरत नाहीत, फार जवळजवळ आहेत, म्हणून पृथ्वीच वापरायची. आज फोटो काढा, सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेली की परत काढा, म्हणजे तुमचे दोन डोळे एकमेकांपासून ३० कोटी किलोमीटरवर झाले. जवळचा तारा मागच्या लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो.

हा "किंचित" शब्द फार म्हणजे फारच जड आहे. फ्रीडरिख बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्यासाठी, ६१ हंस त्याचं नाव, हा कोन मोजून दाखवला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे ६ हजार सारखे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा तो कोन होता. दुर्बिणीला डोळा लावून, हाताने स्क्रू फिरवून, रात्रीमागून रात्री त्याने वाचनं घेतली आणि त्यातून हे काढलं, मला आजही यावर विचार केला की थक्क व्हायला होतं. त्याच्या हिशोबाने त्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला १०.३ वर्षं लागत होती, आजचा आकडा ११.४. म्हणजे तारे किती लांब आहेत हे माणसाला पहिल्यांदा खात्रीने कळलं ते १८३८ ला, त्याआधी सगळे अंदाज.

पण बेसेलने प्रकाशाची वर्षं सांगितली तरी त्याचं अधिकृत माप केलं नाही, कारण प्रकाशाचा वेगच तेव्हा पुरेसा अचूक माहीत नव्हता. प्रकाशाला वेळ लागतो हे ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्येच दाखवलं होतं. गुरूचा आयो नावाचा चंद्र ठरलेल्या वेळी गुरूच्या सावलीत जातो, पण पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की हे ग्रहण उशिरा दिसतं आणि जवळ येत असली की लवकर दिसतं. आयो काही मूड बघून फिरत नाही, त्याची बातमी आणणाऱ्या प्रकाशाला जास्त लांबून यावं लागतं म्हणून उशीर. जमिनीवर मात्र प्रकाशाचा वेग मोजायला १८४९ उजाडलं, फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगात फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या फटीतून प्रकाश सोडला, आठ किलोमीटरवरच्या आरशावरून परत आणला, आणि परत येईपर्यंत पुढचा दात आडवा येतो का ते बघून वेग काढला. दोनच वर्षांनी उलेच्या लेखात प्रकाशवर्ष हा शब्द आला.

एक गोष्ट लगेच सांगून पुढे जातो. खगोलशास्त्रज्ञ आपापसात प्रकाशवर्षापेक्षा पार्सेक जास्त वापरतात, एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, कारण ते माप थेट त्या कोनातूनच निघतं आणि त्यांचं गणित सोपं होतं. बरोबर आहे त्यांचं. पण पार्सेकमध्ये एक गोष्ट मिळत नाही, आणि ती म्हणजे नावातलं ते "वर्ष".

कारण एखादा तारा १०० प्रकाशवर्षं लांब आहे म्हटलं की एका वाक्यात दोन गोष्टी सांगून होतात. तो किती लांब आहे हे एक, आणि तुम्हाला दिसतोय तो १०० वर्षांपूर्वीचा आहे हे दुसरं. अंतराच्या आकड्यातच बातमीचं वय लिहिलेलं. किलोमीटर हे सांगत नाही, पार्सेक पण सांगत नाही. सन १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत एक नवीन तारा पाहिला, भर दिवसा दिसेल इतका तेजस्वी, त्याची नोंद करून ठेवली. तो सुपरनोव्हा होता, तारा फुटला होता, त्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून ओळखले जातात. अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं. म्हणजे १०५४ मध्ये जो स्फोट "झाला" तो त्याच्या साडेसहा हजार वर्षं आधी होऊन गेलेला होता. तसंच फेब्रुवारी १९८७ मध्ये दिसलेला सुपरनोव्हा, मोठ्या मॅजेलन मेघातला (हा आपल्या आकाशगंगेशेजारचा ताऱ्यांचा एक समूह), तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर शेतीसुद्धा सुरू झाली नव्हती, १ लाख ६८ हजार वर्षांचा प्रवास करून तो १९८७ ला पोचला. आणि साध्या डोळ्यांनी अंधाऱ्या आकाशात जो धुरकट ठिपका दिसतो तो देवयानी, आपल्या शेजारची मोठी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, २५ लाख प्रकाशवर्षं. तो प्रकाश निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूसच नव्हता.

इथे एक गैरसमज मात्र काढलाच पाहिजे, फार पसरलाय तो. "तुम्ही बघता ते तारे कधीच मरून गेलेत" असं जे फॉरवर्ड फिरतं ते बरोबर नाही. साध्या डोळ्यांना दिसणारे जवळपास सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत, आणि ताऱ्यांची आयुष्यं असतात लाखो, कोटी, अब्ज वर्षांची. अब्ज वर्षं जगणाऱ्याची शंभर वर्षांपूर्वीची खबर मिळाली म्हणून तो गेला असं कोण म्हणेल? दिसतायत ते जवळजवळ सगळे तारे आत्ताही तिथे आहेत. मृगातल्या तांबूस काक्षीसारखा म्हातारा तारा अपवाद असू शकतो, त्याचा कधीतरी सुपरनोव्हा होणार आहे, २०१९ च्या शेवटी तो एकदम मंद झाला तेव्हा सगळे आता फुटतो की काय म्हणून बघत बसले होते. पण तो मंद झाला त्याला तेव्हाच काही शतकं होऊन गेली होती.

आणि फार लांबच्या दीर्घिकांबद्दल बोलताना हा साधा हिशोब जरा बिघडतो, तेही सांगायला हवं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, मग दिसू शकणाऱ्या विश्वाची कड १३.८ अब्ज प्रकाशवर्षांवर असायला हवी ना? नाही, ती सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. कारण प्रकाश चालत असताना वाटच लांबत होती, विश्व प्रसरण पावतंय. प्रकाश निघाला तेव्हा ती जागा कितीतरी जवळ होती, आणि तो पोचेपर्यंत ती ४६ अब्जांवर गेली. म्हणून अशा बातम्यांमध्ये "१३ अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश" आणि "१३ अब्ज प्रकाशवर्षं लांब" हे एकच समजू नका. आपल्या आकाशगंगेत, जिचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षं आहे, आणि देवयानीपर्यंतसुद्धा, वर्ष आणि प्रकाशवर्ष बिनधास्त जोडीने वापरा.

हे सगळं तिसरीतल्या मुलीला कसं सांगायचं? मी तिला तिच्या वयाचा तारा शोधून दिला. हे कुणालाही करता येतं. साडेअकरा वर्षांचं कुणी असेल तर प्रश्वा, सतरा पूर्ण होत आली असतील तर श्रवण, पंचविशीला अभिजित, सदतीसच्या जरा आधी स्वाती, पासष्टला रोहिणी, एकोणऐंशीला मघा. त्या ताऱ्याचा आज डोळ्यात आलेला प्रकाश तुम्ही जन्मलात त्या सुमाराला निघालेला आहे. भाचीला आठ पूर्ण होऊन सात महिने झालेत, आणि व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आठ वर्षं आणि सात महिने. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तिच्या वाट्याला आला.

मृगाच्या पोटातल्या त्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांचा बाण तिला दाखवला, आणि सांगितलं की बाण कुणी मारला ते शोध, ती ओळ तशीच मागे खाली नेत जा. तिने बोट सरकवत नेलं आणि व्याध सापडल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हा प्रकाश निघाला तेव्हा मी दवाखान्यात होते? मी म्हटलं हो. म्हणजे हा एवढा वेळ येतच होता, मी रांगत होते तेव्हा पण, पहिलीत होते तेव्हा पण? हो, सगळा वेळ. आणि पुढच्या वर्षी बघितला तर? तर तू एक वर्षाची असताना निघालेला दिसेल.

ती म्हणाली मग मी पुढच्या वर्षी पण बघणार.